परिशिष्ट तीन, पृष्ठ बासष्ट

१३ जानेवारी २०२५, सोमवार

विमावाल्याने दिलेली डायरी दर वर्षी माझी बायको राही घेते आणि तिच्यात पाककृतींची कात्रणं चिकटवते. यंदा मी ठेवून घेतली, कारण आजचा राग कुठेतरी काढायलाच हवा.

तृतीय वर्ष भूगोलाच्या बावीस प्रकल्पांचे कच्चे मसुदे तपासले. संदर्भसूचीत एकाने लिहिलंय ‘गूगल’. दुसऱ्याने ‘माझे काका’. स्वराजने विकिपीडियाचं पान उचललं ते निळ्या अक्षरांसकट. निदान रंग तरी बदलायचास, बाबा! पहिल्याच तासाला मी सांगतो की दुसऱ्याची गोष्ट घेतली तर दुसऱ्याचं नाव घ्या. शेजारणीकडून विरजण आणलं तरी आपण सांगतो कुणाकडून आणलं. वर्ग हसतो आणि विसरून जातो.

अफरीनचा मसुदा मात्र वेगळा आहे. खारमोहल्ल्याची मुलगी, मागच्या बाकावर बसते, चार महिन्यांत चार वाक्यं बोलली असेल. विषय आहे खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि त्या वेचणाऱ्या बायका. तीन प्रकरणं ठीक आहेत. चौथं वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. अकरा तारखा, प्रत्येक तारखेची भरतीची वेळ, आणि गाळाच्या बोटीने, म्हणजे बार्जने, गाळ कुठे ओतला ती जागा. जेट्टीची वाट खोल करताना निघणारा गाळ ठेकेदाराने बाहेर खोल समुद्रात नेऊन टाकायचा असतो. या तक्त्याप्रमाणे तो खाडीतच पडतोय, नेमका तिसऱ्यांच्या जागेवर. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीखाली आधार काय, तर ‘स्थानिकांच्या माहितीनुसार’!

कोण स्थानिक? लाल पेनाने तीन वेळा अधोरेखित केलं. कुठूनतरी उचललंय, पैज लावतो.

१५ जानेवारी, बुधवार

अफरीनला विभागात बोलावलं. सरळ विचारलं, कुठून घेतलंस?

“चोरलं नाही सर.”

“मग आधार लिही. ज्याने सांगितलं त्याचं नाव, वय, गाव, व्यवसाय, मुलाखतीची तारीख.”

तिने ओढणीच्या टोकाचा धागा ओढला. मग म्हणाली, “नाव लिहिलंच पाहिजे का सर?”

मी तिला पाऊण तास समजावलं. निनावी पत्रावर कुणी विश्वास ठेवतं का? नाव नसलेली माहिती म्हणजे पारावरच्या गप्पा. ज्याला खरं बोलायचंय त्याने नावासकट बोलावं. मी बोलायला लागलो की चांगलं बोलतो, हे मला ठाऊक आहे. ती “हो सर” म्हणून गेली. मुलांना कष्ट नकोत, दुसरं काय.

१९ जानेवारी, रविवार

बोर्लीहून मोटरसायकल काढली आणि थेट खारमोहल्ल्यात गेलो. म्हटलं, बघू तरी हे ‘स्थानिक’ कोण आहेत.

स्थानिक म्हणजे तिचा सख्खा भाऊ, हुझैफा. चोवीस वर्षांचा, त्याच ठेकेदाराच्या बार्जवर खलाशी. मोबाइलमध्ये त्याने सगळं लिहून ठेवलंय. का लिहिलंस, असं विचारलं तर म्हणाला, “सर, जितं आमची अम्मी तिसऱ्या काढते ना, तितंच ओततात. मीच गाळाचा दरवाजा खोलतो आणि मीच बगतो. म्हनून लिवून ठेवलं. कुनाला दाखवायला न्हाय.”

त्यांची आई, फरिदाबी, चुलीपाशी होती. तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली. “मास्तर, आदी जेवा. मंग इच्यारा काय इच्यारायचं ते.” तिसऱ्या अगदी बारीक होत्या. म्हणाली, आता अशाच मिळतात, वरचा थर सगळा चिखल झालाय.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. हुझैफाचं नाव परिशिष्टात यायला हवं, तक्त्याखाली त्याची सही हवी. माझ्याकडे त्याचा छापील नमुना आहे, मीच तयार केलेला. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, ‘वरील माहिती मी स्वतः दिली आहे’, आणि सही. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या कॉलेजात एवढं काटेकोर काम होत नसेल.

“नाव लिवलंच पायजे काय?” फरिदाबीने विचारलं. “याचा कतारचा विझा आलाय. टगबोटीवरचं काम हाय. पंद्रा एप्रिलचं तिकीट हाय. त्या आदी पोलिसांचा दाखला काडायचाय. उगाच काय वाकडं व्हायला नको.”

“वाचणार कोण हे?” हुझैफा म्हणाला.

मी म्हटलं, मी आणि बाहेरून येणारा एक परीक्षक. मग ते कॉलेजच्या कपाटात जातं आणि वाळवी सोडली तर पुन्हा कुणी उघडत नाही. सगळे हसले. अफरीन हसली नाही. ती सगळा वेळ दारातच उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

हुझैफाने सही केली. “सर सांगतायत म्हंजे बराबरच असनार,” म्हणाला. मुलाचं अक्षर सुंदर आहे.

घरी आल्यावर राहीला सांगितलं. ती म्हणाली, “नाव बदलून नाही का लिहिता येत?” हसलो. अगं, ती कादंबरी नव्हे. तशी पद्धत आहे म्हणा. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात सातवं प्रकरण त्यावरच आहे, माहिती देणाऱ्याला धोका असेल तर नाव झाका वगैरे. पण ते आजारी माणसं, कैदी यांच्यासाठी. गाळासाठी कुणी नावं झाकत नाही. ते प्रकरण मी शिकवतही नाही, अभ्यासक्रमात त्याला दोनच गुण आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अफरीनचा प्रकल्प बांधून आला. काळी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. एकाहत्तर तळटीपा! सूची वर्णानुक्रमे. परिशिष्ट तीन, पृष्ठ बासष्टवर हुझैफाचा तक्ता आणि सही. चौदा वर्षं शिकवतोय, असं नेटकं काम याआधी माझ्या हातून झालेलं नाही. हातून म्हणजे अर्थात तिच्या.

प्राचार्यांना दाखवला. ते म्हणाले, जिल्हा संशोधन स्पर्धेला पाठवू. जाता जाता असंही म्हणाले की जूनमध्ये तासिका तत्त्वावरच्या नेमणुका नव्याने ठरतील तेव्हा अशा गोष्टी बघितल्या जातात. एक्केचाळिसाव्या वर्षी मी दर जूनला पत्राची वाट बघतो. आनंद झाला, का लपवू?

अफरीनला सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे कपाटात नाही राहणार?” मी म्हटलं, अगं वेडे, बक्षीस मिळेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं बक्षीस!

सकाळी दिघीहून फेरीने आगरदांड्याला उतरलो, तिथून एसटीने अलिबाग. अफरीन वाटेत गप्पच होती, पण मंचावर उभी राहिल्यावर घडाघडा बोलली. परीक्षकांनी चौथ्या प्रकरणावर विचारलं, आधार काय? तिने माझ्याकडे बघितलं आणि पृष्ठ सांगितलं. टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला.

नंतर चहाच्या वेळी स्पर्धेच्या प्रायोजकांपैकी एक गृहस्थ भेटले. पांढरा शर्ट, मृदू बोलणं. “एवढं शिस्तीचं संदर्भलेखन मी विद्यापीठातही पाहिलेलं नाही,” म्हणाले. एक प्रत मिळेल का, असं विचारलं. मी माझी स्वतःची प्रत दिली. महत्त्वाच्या पानांवर मी चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या. त्यांच्या कार्डावर सागरी कामांच्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. उद्योगातल्या माणसांनाही खाडीची काळजी आहे हे बघून बरं वाटलं.

“सर, ते कोण होते?” अफरीनने परत येताना फेरीवर विचारलं. कार्ड दाखवलं. तिने ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मला परत दिलं. मग दिघी येईपर्यंत कठड्याजवळ उभी होती. दमली असेल.

४ मार्च, मंगळवार

रमजान सुरू झालाय. अफरीन तास संपल्यावर थांबली आणि दोनच वाक्यं बोलली. “भाईला उद्यापासून येऊ नको म्हणाले. कारण नाही सांगितलं.”

मी म्हटलं, ठेक्याचं काम, आज आहे उद्या नाही. तसाही तो कतारला चाललाय. तिने मला काही विचारलं नव्हतं, तरी मीच म्हणालो की प्रकल्पाचा याच्याशी काही संबंध नाही. का म्हणालो कुणास ठाऊक.

११ मार्च, मंगळवार

अफरीन तीन दिवस आली नाही. तिच्या शेजारी बसणारी तेजस्वी सांगत आली की हुझैफाला पोलिसांनी बोलावलंय. डिझेल चोरीची तक्रार आहे. सकाळी बोलावतात, बाकावर बसवून ठेवतात, रोजा सोडायच्या वेळेला घरी पाठवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोबाइल जप्त केलाय.

हा मुलगा चोर नाही. त्या घरात मी जेवलोय.

१७ मार्च, सोमवार

पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मला तक्रार वाचायला दिली.

ठेकेदार म्हणतो की गाळ बाहेर समुद्रातच टाकायचा आमचा आदेश होता. अकरा दिवशी बार्ज आमच्या परवानगीशिवाय खाडीत वळवली गेली आणि तिथे मच्छीमार होड्यांना डिझेल विकलं गेलं. त्या अकरा दिवशी बार्ज खाडीत होती हे खलाशाने स्वतः लिहून दिलेलं आहे. पुढे कंसात: ‘पाहा: अफरीन …, तृतीय वर्ष कला, संशोधन प्रकल्प, परिशिष्ट क्र. ३, पृ. ६२, स्वाक्षरीसह.’

हे लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी एकट्याची आहे. ते वाचताना मनात सगळ्यात आधी आलं ते हे की संदर्भ बरोबर दिलाय. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. अर्थ नंतर लागला.

“गुन्हा अजून दाखल केलेला नाही,” अधिकारी म्हणाला. “पण तक्रार आहे तोवर त्याला परदेशाचा दाखला मिळायचा नाही. मार्गदर्शक तुम्हीच ना? मग लिहून द्या. हा तक्ता कसा झाला, पोराने काय सांगितलं, कशासाठी सांगितलं. गाळ ओतल्याचं तो पहिल्यापासून सांगत होता असं तुमच्या नावासकट कागदावर आलं, तर मला ठेकेदाराला बोलावून विचारता येईल. नुसत्या त्याच्या शब्दावर मी काय करू?”

मी म्हटलं, प्राचार्यांशी बोलून येतो.

१८ मार्च, मंगळवार

प्राचार्य म्हणाले, “कॉलेजचा काही संबंध नाही. तुम्ही व्यक्तिशः काय लिहायचं ते लिहा. मात्र ठेकेदार उद्या आपल्यालाही नोटीस पाठवेल, आणि जूनच्या याद्या मी एकटा करत नाही, संस्था करते.” मग चहा मागवला.

दुपारी मी कपाट उघडून कॉलेजच्या प्रतीतलं बासष्टावं पान काढून टाकलं. टरकन निघालं. खिशात घालून घरी आणल्यावर कळलं की याचा काडीचा उपयोग नाही, त्यांच्याकडे माझीच प्रत आहे. रात गेली हिशेबात, पोर नाही नशिबात, अशातली गत.

राहीने ते पान पाहिलं. “उद्या सकाळी जा आणि लिहून द्या,” म्हणाली. मी हो म्हटलं.

२१ मार्च, शुक्रवार

गेलो नाही. आज अंतर्गत परीक्षा होती. काल अंगात कसर होती. परवाचं कारण आता आठवत नाही.

२४ मार्च, सोमवार

खारमोहल्ल्यात गेलो. जाताना खजुराचा डबा घेतला होता. हुझैफा ठाण्यात होता. फरिदाबी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आत या म्हणाली नाही. नजर सुपावरच.

“मास्तर, रोजा हाय. मला रागवायचं न्हाय.”

मी म्हटलं, तुम्ही रागवा.

“न्हाय रागवायची. येवडंच सांगते. माज्या पोराचं नाव लिवायला तुमी माज्या घरी आलात. जेवलात. आता तुमचं नाव लिवायचंय तर ठानं काय लांब हाय? बोर्लीपासून रिक्षा जाते.”

अफरीन आतून आली, डबा घेतला, “थँक्यू सर” म्हणाली आणि आत गेली. ते थँक्यू माझ्या कानातून जात नाही. खाडीला सुकती होती, पाणी ओसरलेलं. पूर्वी अशा वेळी चिखलात पंचवीस-तीस बायका वाकलेल्या दिसायच्या, असं तिच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. मी मोजल्या, चार होत्या.

मला भीती वाटते. साधी भीती. जून, घराचे हप्ते, लेकीचं, प्राप्तीचं, बारावीचं वर्ष. हे सगळं खरं आहे. आणि त्या बाईला मी हे सांगू शकलो नाही, कारण तिच्याकडेही हे सगळं आहे.

२९ मार्च, शनिवार

आज हायसं वाटतंय. अलिबागच्या एका दैनिकाचा वार्ताहर, गणराज, त्याचा फोन आला. कुठूनतरी त्याला कळलं होतं. पाऊण तास बोललो. गाळ, तारखा, तिसऱ्या, हुझैफा, सगळं काही. मन मोकळं झालं. असं बोललो की त्याने दोनदा “क्या बात है सर” म्हटलं.

शेवटी तो म्हणाला, “सर, तुमचं नाव टाकतो.”

मी म्हटलं, नको.

“नाव असलं तर वजन येतं सर.”

मी म्हटलं, वजन मजकुराला असतं. ‘नाव न सांगण्याच्या अटीवर एका प्राध्यापकाने सांगितलं’ असं लिहा. वाक्य मीच सांगितलं, त्याला रचना जमत नव्हती.

पण बोललो तर खरं. कुणीतरी बोलायला हवंच होतं.

२ एप्रिल, बुधवार

ईद झाली. बातमी आज आली, पाचव्या पानावर, चार इंच. मी ठाण्यात फोन केला. अधिकारी म्हणाला, “वाचली. कोण आहे हा प्राध्यापक? त्याला घेऊन या, लगेच जबाब घेतो. निनावी बातमीचं मी काय करू, साहेब?”

मी म्हटलं, बघतो.

राहीने पेपर वाचला, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. मला वाटलं होतं तिला आवडेल.

८ एप्रिल, मंगळवार

अफरीन विभागात आली. महिन्याभराने. वाळली आहे. खुर्ची दिली तर बसली, पहिल्यांदाच.

“भाईला शेठने बोलावलं होतं. म्हणाले, गैरसमज झाला असं लिहून देऊन तक्रार मागे घेतो. पण तक्ता खोटा आहे असं आम्ही लिहून द्यायचं. भाईने सही समजून न घेता केली, आणि तारखा मी मार्कांसाठी मनाने लिहिल्या, असं. माझं लिहून दिलंय. कॉलेजचं पण पाहिजे. तुमचं.”

मी म्हटलं, “पण ते खरं आहे!”

“तुम्हाला ठाऊक आहे सर. मला ठाऊक आहे. पेपरवाल्याला पण ठाऊक आहे.”

मी बोललो की माहिती बनावट ठरली तर प्रकल्पात शून्य, म्हणजे वर्ष जाणार. बनावटीचा शेरा गुणपत्रिकेवर राहतो. पुढे एम.ए.ला प्रवेश देताना बघतात. बी.एड.लाही बघतात.

“माहीत आहे सर. तुम्हीच शिकवलंय ते.” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “दाखल्याला चार दिवस लागतात. तिकीट पंधराचं आहे.”

मी विचारलं, मी आज ठाण्यात जाऊन खरं काय ते लिहून दिलं तर? अजून वेळ आहे.

ती म्हणाली, “आता नको सर. आता तुम्ही खरं लिहिलंत तर शेठ तक्रार मागे घेणार नाही, भाई अडकतो.”

९ एप्रिल, बुधवार

प्राचार्यांच्या दालनात कागद टंकून तयार होता. ‘सदर विद्यार्थिनीने परिशिष्ट क्र. ३ मधील माहिती कोणत्याही स्रोताविना स्वतः रचली असून, मार्गदर्शक या नात्याने मी पडताळणी केली असता ती निराधार आढळली आहे.’

मी दोनदा वाचलं. खिशातलं पेन काढलं. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. हुद्दा, विभाग, तारीख, सही. प्राचार्यांनी शिक्का मारला. तीन आठवडे ज्या हाताला चार ओळी लिहिता आल्या नाहीत, त्याला हे लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

अफरीन बाहेर बाकावर होती. तिने कागद घेतला, सही आणि शिक्का नीट तपासला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि एसटी गाठायला गेली. आज शेठला तो कागद पोचला की उद्या तक्रार मागे, आणि हुझैफा पंधराला जाईल. घरी आल्यावर राहीला सांगितलं की मुलगा सुटला. “आणि मुलगी?” तिने विचारलं. मी हात धुवायला गेलो.

संध्याकाळी गुणपत्रक भरलं. अफरीनच्या नावापुढे शून्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘आधार नाही’. बाकीचे एकवीस पास झाले आहेत.